जून महिन्यातलं दूध

निवडणुकीच्या सभेत, कोर्टाच्या पायऱ्यांपाशीच गाईची धार काढली. गाय बर्डसॉलच्या रानातल्या घळीतली होती हे कुणी सांगायला नको होतं. तिच्या डाव्या कानाला कर्नल बर्डसॉलच्या गुरांची खुणेची चीर होती. दूध पत्र्याच्या मगात फेसाळलं. कर्नलने तो मग स्वतः वर नेला आणि डॉक्टर ह्यूलिटांच्या हातात दिला.

“आपले विरोधक म्हणतात, या परगण्यात दुधाचा आजार आहे,” कर्नल गर्दीला म्हणाला. “बारा वर्षं तुमच्या नाड्या बघणारा माणूस काय म्हणतो ते आता ऐका.”

“बोलायचं राहू दे, पिऊन दाखव म्हणावं,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

डॉक्टरांनी मग तोंडाला लावला. एका दमात संपवला आणि उपडा करून दाखवला. टाळ्या पडल्या, टोप्या उडाल्या. मी खालीच उभी होते. ते माझ्याकडे पाहणार नाहीत अशी माझी खात्री होती, आणि त्यांनी पाहिलंही नाही.

मी केझाया मॉट, या गावची सुईण. नवरा नदीत गेला तेव्हापासून हेच काम करते आहे. अडलेल्या बाळंतपणांना मी डॉक्टरांना बोलवायची आणि तापाच्या रोग्यांपाशी बसायला ते मला न्यायचे. म्हणून त्या मगाबद्दल बोलायचा अधिकार मला जितका आहे तितका दुसऱ्या कुणाला नाही. आणि तेव्हा गप्प बसल्याचा दोषही माझ्याइतका कुणाला नाही, तेही सांगून टाकते.

दुधाचा आजार आमच्याकडे जूनमध्ये कधीच आला नव्हता. जूनमध्ये माळावर गवत असतं. ऑगस्टमध्ये ते करपतं, मग मोकळी सोडलेली गुरं बर्डसॉलच्या घळीतल्या रानात शिरतात आणि तिथलं काहीतरी खातात. काय खातात ते आजवर आम्हाला उमगलेलं नाही. पण अशी गाय पळवली की थरथर कापायला लागते, आणि तिचं दूध, तिचं लोणी ज्याच्या पोटात जाईल तो आठवडाभरात आडवा होतो. हे पहिलं कडक हिंव पडून पाला करपेपर्यंत चालतं. डॉक्टरांना हे माहीत होतं, कर्नलला माहीत होतं आणि टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते गर्दीच्या कडेला आपल्या गाडीत बसले होते. हेनरिख स्टॉफर, त्याची बायको मॅग्डालेना आणि तीन मुलं. पेन्सिल्व्हेनियाहून येऊन त्यांना चार दिवस झाले होते आणि ते जमीन शोधत होते.

आमच्या परगण्यात या आजाराचं नाव घ्यायचं नाही असा रिवाज होता. कुणी विचारलं तर म्हणायचं, “आमच्याकडे नाही हो, पलीकडच्या परगण्यात आहे म्हणतात.” पलीकडच्या परगण्यात गेलात तर ते आमच्याकडे बोट दाखवायचे. जमिनीचा भाव, येणारे लोक, होऊ घातलेली आगगाडी, सगळं या एका नावापायी अडलं असतं. पण जेवायच्या टेबलावर बघावं. ऑगस्ट लागला की कुणाकडे पाहुणचाराला गेलेला माणूस लोण्याला हात लावायचा नाही. पावावर काकवी मागायचा. यजमानही काही म्हणायचा नाही, मुकाट्याने काकवीचं भांडं पुढे सरकवायचा. सगळा गाव असा काकवी खात मोठा झाला होता.

डॉक्टर मात्र आधी या रिवाजातले नव्हते. एल्काना ह्यूलिट पूर्वेकडून आले ते दोन पेट्या पुस्तकं घेऊन. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शहरातल्या एका वैद्यकीय मासिकात लेख लिहिला, की बर्डसॉलच्या घळीला कुंपण घाला, हा आजार जाईल. गावाने त्यांच्या खिडक्या फोडल्या. वर्षभर त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. लोक वीस मैलांवरून दुसऱ्या डॉक्टरला आणायचे आणि मरायचे. त्या वर्षी हा माणूस कणसं सोलून पोट भरत होता. तेव्हापासून त्यांनीही पित्तज्वर म्हणायला सुरुवात केली. आम्ही दोघं रोग्याच्या घरात शिरलो की दारातच या आजारात श्वासाला येतो तो गोडसर, कुजका वास यायचा, आणि ते माझ्याकडे न बघता घरच्यांना म्हणायचे, “पित्तज्वर आहे.” मग हळूच म्हणायचे, “दूधबीध देऊ नका, जड पडतं.”

कोर्टापाशी तो दुधाचा मग पिऊन झाल्यावर दुपारी ते माझ्या ओसरीवर आले.

“रागावलीस,” ते म्हणाले.

“मी कोण रागावणारी. मत तर बायकांना नाहीच.”

“केझाया, ऐक. घळीला कुंपण घालायचा कायदा इथे बसून होणार नाही. तो राजधानीत होईल. परगण्याच्या खर्चाने कुंपण, कुणाच्या खिशाला चाट नाही. मला एकदा विधिमंडळात जाऊ दे. आणि कर्नलच्या पक्षाखेरीज इथून कोण निवडून येतंय?”

“आणि तो मग?”

“जून आहे. कुणाला काय झालं?”

“ते गाडीतले लोक बघितलेत का तुम्ही?”

ते घोड्याचा लगाम सोडवायला लागले. मग म्हणाले, “डिसेंबरात अधिवेशन आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या आत कुंपण उभं असेल.” आणि घोड्यावर बसून गेले. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, हीच तर गोम आहे. पुढच्या कित्येक वर्षांतले जीव वाचणार असतील तर एका मगाचं खोटं चालवून घ्यावं, असा हिशोब मीही मनात केला. त्यात त्याच सालचा सप्टेंबर आम्ही दोघंही विसरलो.

कर्नलने डॉक्टरांचं निवेदन छापून घेतलं, खाली त्यांची सही. “बारा वर्षांत दुधाच्या आजाराचा एकही रोगी पाहिला नाही.” तो कागद खानावळीत, चक्कीवर, सगळीकडे लागला. स्टॉफरने घळीच्या तोंडाशी असलेली ऐंशी एकर जमीन घेतली. कर्नलने त्याला तीन गायीही विकल्या.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर निवडून आले. त्याच आठवड्यात स्टॉफरचं घर उभं करायला सारे शेजारी गेले. आमच्याकडे नवीन माणसाचं घर सगळ्यांनी मिळून एका दिवसात उभारायचं असतं. त्यात कुणी मागे राहत नाही, आम्ही अगदीच वाईट लोक नाही. दुपारी मॅग्डालेनाने लांबलचक टेबल मांडलं. पाव, भाजलेलं डुक्कर, मक्याची लापशी आणि मध्ये लोण्याचा पिवळाजर्द गोळा, वर साच्याने उठवलेलं फूल. वीस माणसं जेवली आणि वीस जणांनी काकवी मागितली. काकवी तिच्याकडे थोडीच होती. ती संपली तेव्हा लोकांनी कोरडा पाव खाल्ला.

भांडी घासताना ती माझ्याजवळ आली. गोरीपान, लाल गालांची, तिशीतली बाई. इथली भाषा तिला अडखळत यायची.

“मावशी, खरं सांगा. माझ्या लोण्यात काही खोट आहे का?”

“नाही गं बाई.”

“मग कुणी शिवलंसुद्धा नाही. आमच्याकडे असं केलं तर बाई रडत बसेल.”

“इकडची माणसं रानटी,” मी म्हटलं. “यांना काकवीच गोड लागते. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

ती हसली. तिला बरं वाटलं. मला तेव्हा काय वाटलं ते आता सांगून उपयोग नाही. दोन शब्दांचं काम होतं, आणि ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले नाहीत. कर्नल पलीकडे उभा होता म्हणून नाही. मी त्या गावची होते म्हणून.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टॉफर स्वतः डॉक्टरांना बोलवायला आला. वाटेत त्यांनी मला घेतलं. दाराशीच तो वास आला. मॅग्डालेना पलंगावर पडली होती. जीभ सुजलेली, पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. थोरली अ‍ॅना, अकरा वर्षांची, आईच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. धाकटी दोघं, पीटर आणि लिडिया, चुलीपाशी बसून लोणी लावलेला पाव खात होती.

डॉक्टरांनी नाडी धरली. खूप वेळ धरून बसले.

“काय आहे?” स्टॉफरने विचारलं.

“पित्तज्वर.”

“नक्की? शेजारचा एक माणूस काल कुंपणापाशी उभा राहून काहीतरी पुटपुटून गेला. दूध, दूध, असं काहीतरी. मी त्याला म्हटलं, आमचे डॉक्टर सगळ्यांसमोर दूध प्यायले आहेत. मी डोळ्यांनी बघितलंय.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. आगगाडीची आखणी करणारे लोक त्याच आठवड्यात गावात उतरले होते, कर्नलच्या घरी जेवत होते. विधिमंडळाचं अधिवेशन अडीच महिन्यांवर होतं. डॉक्टरांनी नाडी सोडली.

“तिला दूध देऊ नका,” ते शेवटी म्हणाले. “तापात जड पडतं. ब्रँडी आणि मध द्या.”

“आणि मुलांना?”

“मुलांना ताप आहे का?”

“नाही.”

“मग,” डॉक्टर म्हणाले, आणि पुढे बोललेच नाहीत. पिशवीचा बंद आवळत बसले.

स्टॉफर सरळ माणूस. ज्याला ताप नाही त्याला दूध चालतं, एवढाच अर्थ त्याने घेतला. दुसरा कुठला घेणार? मी चुलीपाशी गेले आणि लिडियाच्या हातातला पाव काढून घेतला. ती भोकाड पसरून रडायला लागली. बाप माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी म्हटलं, “हात घाणेरडे आहेत पोरीचे,” आणि तिचे हात पुसून पाव परत दिला. हो, परत दिला. पस्तीस वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मॅग्डालेना गुरुवारी गेली. पीटर त्यानंतर सहा दिवसांनी आणि लिडिया त्याच्या दुसऱ्या दिवशी. स्टॉफर पहिल्यापासून दूधलोणी खात नसे, आणि अ‍ॅना वाचली, कारण आई पडल्यापासून तिला जेवणच जात नव्हतं. ऑक्टोबरच्या दहा तारखेला पहिलं हिंव पडलं आणि आमच्या परगण्यात आजार संपला, म्हणजे जो नव्हताच तो संपला.

लोकांनी काही कमी केलं नाही. स्टॉफरकडे केक गेले, चादरी गेल्या, त्याचा मका सगळ्यांनी मिळून काढून दिला. कर्नलने तीन शवपेट्यांना अक्रोडाच्या फळ्या पाठवल्या. अक्रोड त्याच घळीतले.

डिसेंबरात डॉक्टर राजधानीला गेले आणि त्यांनी कुंपणाचं विधेयक मांडलं. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, एकदाच. ते तासभर बोलले, सगळं बोलले, गायी कशा कापतात, माणसं कशी मरतात. मग पलीकडच्या परगण्याचा सभासद उठला. त्याच्या हातात कर्नलचा छापील कागद होता. त्याने तो सावकाश वाचून दाखवला, सहीसकट.

“सभ्य गृहस्थहो,” तो म्हणाला, “डॉक्टरसाहेबांच्या परगण्यात आजार नाही, हे डॉक्टरसाहेबच सांगतात. मग कुंपण कशाला? दूध उतू जाऊ नये म्हणून?”

सभागृह हसत सुटलं. अध्यक्षही हसले म्हणे. विधेयकाला त्यांचं स्वतःचं धरून चार मतं पडली. आगगाडीचं विधेयक मात्र त्याच संध्याकाळी बिनविरोध पास झालं, आणि त्यालाही डॉक्टरांचं मत होतं. गावात परतले तेव्हा त्यांच्या स्वागताला बँड होता.

हिवाळाभर ते फार दारू पीत होते. रोग्यांकडे जायचे, पण रोग्याच्या घरच्यांशी बोलायचे नाहीत. जे सांगायचं ते मला सांगायचे आणि मी पुढे सांगायची. कर्नल त्यांना काँग्रेससाठी, म्हणजे देशाच्या संसदेसाठी, उभं करायच्या गोष्टी करत होता. “असा विश्वासाचा माणूस अख्ख्या राज्यात मिळणार नाही,” म्हणायचा, आणि त्यात खोटं काय होतं? लोकांचा खरोखरच विश्वास होता.

मे महिन्यात एक दिवस मी त्यांच्या दवाखान्यात पट्ट्या उकळत होते. सकाळची दहाची वेळ. केंटकीचा एक माणूस आला, डॉबिन्स नावाचा. उंच, उन्हाने रापलेला, टोपी हातात धरून उभा.

“मी स्टॉफरची जागा घेतोय,” तो म्हणाला. “हात मिळवून झालेत, आज दुपारी कागद करायचे. त्याची गाडीपण भरून झालीये, तो पोरीला घेऊन परत पेन्सिल्व्हेनियाला चाललाय. पण मला चार पोरं आहेत, डॉक्टर, आणि बायको सातव्या महिन्यात आहे. मी ऐकलंय इकडे कुठेतरी दुधाचा आजार असतो म्हणून.”

“कुणाला विचारलंत?”

“कर्नलना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरांनाच विचारा, ते सगळ्या गावासमोर प्यायलेत.”

“आणि स्टॉफर? तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, जमीन काळी आहे, पाणी बाराही महिने असतं.”

“त्याची बायको, मुलं?”

“ते त्याने सांगितलं ना. पित्तज्वराने गेली म्हणाला.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. तो माणूस एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागला. माझ्या मनात आलं, या वेळीही ते पित्तज्वरच म्हणणार, आणि खरं सांगते, मला तसंच व्हावंसं वाटलं. स्टॉफरची गाडी भरलेली होती. हा सौदा मोडला तर त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, आणि जमिनीत त्याचं होतं नव्हतं ते सगळं गेलेलं. त्याला जाऊ द्यावं, असं मला वाटलं. जाणारा आपल्या डोळ्यांसमोर नसतो.

“मी प्यायलो तो जून होता,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे?”

मग त्यांनी सांगितलं. अगदी हळू आवाजात, रोग्याला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगतात तसं, सगळं. कुठल्या महिन्यात, कुठल्या रानात, गाय कशी ओळखायची. मॅग्डालेना कशाने गेली, आणि पोरं कुणामुळे. शेवटचं बोलताना ते थांबले नाहीत. डॉबिन्सने टोपी घातली. जाताना तो आभार मानेल असं मला वाटलं होतं, पण त्याने आभार मानले नाहीत. “देव तुमचं भलं करो असं माझ्याने म्हणवणार नाही,” एवढं म्हणून तो गेला.

“आता कर्नल तुम्हाला सोडणार नाही,” मी म्हटलं.

“नाही सोडणार.” ते उठले. “चल, स्टॉफरला मीच सांगायला हवं.”

आम्ही पोचेपर्यंत डॉबिन्स तिथे येऊन गेला होता. अंगणात गाडी उभी होती, घोडे सोडलेले. वर बांधलेला कापडाचा आडोसा अर्धा उतरवलेला. अ‍ॅना गादीची वळकटी ओढत घरात नेत होती. स्टॉफर गाडीत उभा राहून पेटीची दोरी सोडत होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि दोरी सोडणं चालूच ठेवलं.

डॉक्टर घोड्यावरून उतरले, टोपी काढली.

“स्टॉफर, मी त्याला सांगितलं.”

“कळलं.”

“सांगायलाच हवं होतं. त्याला चार मुलं आहेत.”

स्टॉफर सरळ उभा राहिला. एका हिवाळ्यात त्याचे खांदे पार उतरले होते. “त्याला सांगितलंत,” तो म्हणाला. “मलाही मुलं होती.”

मला वाटलं, आता हा त्यांना मारेल, आणि मारलं असतं तर तिघांनाही बरं वाटलं असतं. पण तो पुन्हा वाकला आणि पेटी खांद्यावर घेऊन आत गेला.

तेव्हा डॉक्टर गाडीपाशी गेले. मागच्या कडेला एक लहान खुर्ची होती, पोरासाठी केलेली, आखूड पायांची. ती त्यांनी उचलली. दारापर्यंत गेले असतील नसतील, स्टॉफर बाहेर आला. त्याने झटका दिला नाही की शिवी दिली नाही. दोन्ही हातांनी खुर्ची त्यांच्याकडून काढून घेतली, जपून, तिचा पाय चौकटीला लागू नये म्हणून जरा तिरकी केली, आणि आत घेऊन गेला.

गाडी रिकामी व्हायला तिसरा प्रहर झाला. बापलेक एकेक वस्तू नेत होते. डॉक्टर तोवर अंगणात टोपी हातात धरून उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.